घरी मोठा रीफ टँक उभारायचाय? आधी मेजरिंग टेप घ्या, मासे नंतर

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आधी क्लाउनफिश येतो, मग निळ्या लाइटखाली चमकणारे कोरल (प्रवाळ, ते असलेला टँक म्हणजे रीफ टँक), आणि मग लगेच कोणते मासे घ्यायचे याची चर्चा सुरू. या लेखात मासे बरेच खाली येणारेत. कारण मोठ्या कस्टम टँकचं असं असतं की लाइट बदलता येतो, पंप बदलता येतो, एखादा मासा पटला नाही तर कुणाला देऊन टाकता येतो, पण टँकची उंची, काचेतली भोकं, खालची जमीन आणि मागची भिंत हे पाणी भरल्यावर बदलत नाही. ८०० लिटर खारं पाणी, दगड, वाळू आणि जिवंत प्राणी बाहेर काढून टँक चार इंच पुढे सरकवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत जायचा, हे नंतर बदलता येईल का? नसेल येणार तर त्यावर आधी वेळ आणि पैसा, बाकीचं मागून येऊ दे.

माप ठरवणं

उदाहरणासाठी एकच माप धरून चालू, म्हणजे आकडे डोक्यात बसतील. लांबी १८० सेंमी, रुंदी ७५, उंची ६०. गुणाकार केला की ८१० लिटर. नवीन लोकांचा मोह असतो उंचीचा, उंच टँक दिसतो भारी, पण उंची हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, त्यामुळे उंची वाढली की काच जाड घ्यावी लागते, लाइट तळापर्यंत पोचवायला जास्त ताकदीचा घ्यावा लागतो आणि मुख्य म्हणजे तुमचा हात तळाला पोचत नाही. आत्ता उठा आणि बगलेपासून बोटांपर्यंत हात मोजून बघा, बहुतेकांचा ६५-७० सेंमीच्या आसपास भरतो. ६० सेंमीच्या टँकमध्ये स्टुलावर उभं राहून मागच्या कोपऱ्यात पडलेला फ्रॅग (कोरलचा तुकडा) कसाबसा उचलता येतो, ७५ सेंमीला तुम्ही शर्ट काढून खांद्यापर्यंत पाण्यात असता आणि तरी दोन बोटं कमीच पडतात.

त्यापेक्षा रुंदी वाढवा. ७५ सेंमी रुंदी असली की दगड भिंतीसारखा मागे चिकटवावा लागत नाही, मधे उभा करता येतो, चारी बाजूंनी पाणी फिरतं आणि माशांना मागून पुढे जायला वाट राहते. माझ्या मते पहिल्या मोठ्या टँकला उंची ६० च्या वर नेऊच नये.

अजून एक, जे लोक विसरतातच. टँक दारातून आत येणार आहे का? जिन्याच्या वळणावर फिरणार आहे का? १५ मिमी काचेचा हा टँक रिकामाच साधारण १६५ किलो भरतो (काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिमीमागे अडीच किलो), तो उचलायला सहा-आठ माणसं लागतात आणि ती माणसं पण त्या वळणावर मावली पाहिजेत. नसेल जमत तर काच सुटी आणून जागेवरच जोडून घेणे हा मार्ग आहे, फक्त सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत ती खोली आठवडाभर धूळ न उडवता मोकळी ठेवावी लागते.

वजन

आता हे नीट वाचा. ८१० लिटर समुद्राचं पाणी म्हणजे साधारण ८३० किलो. त्यात काच १६५, दगड ५०-६०, वाळू तेवढीच, खालचा सम्प (फिल्टर-पंपांचा दुसरा टँक) पाण्यासकट २५०, स्टँड १०० च्या आसपास. दगड आणि वाळूने थोडं पाणी बाहेर ढकललं असं धरलं तरी एकूण १३००-१४०० किलो होतात, तेही सव्वा-दीड चौरस मीटर जागेत. घराची जमीन सहसा चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भार धरून डिझाइन केलेली असते. तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात म्हणून नुसत्या आकड्याने लगेच घाबरायचं कारण नाही, पण 'कपाट राहतं मग टँक पण राहील' हा हिशोब इथे चालत नाही. तळमजला असेल आणि खाली भरीव जमीन असेल तर प्रश्न बराच सोपा. वरच्या मजल्यावर असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा, बीम कुठून जातात ते तो सांगेल. साधारणपणे बीमवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीला लागून ठेवलेला टँक खोलीच्या मधोमध ठेवलेल्यापेक्षा बरा. त्याची फी टँकच्या एकूण खर्चात दिसणारसुद्धा नाही, तिथे काटकसर नको.

स्टँड लोखंडी फ्रेमचा असो वा लाकडी, वरची पातळी पाणसळ लावून दोन्ही दिशांनी तपासायची. जमीन उतरती असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली द्यायची, टँक आणि स्टँडच्या मधे कधीच नाही. तळाची काच सपाट टेकणारी असेल तर खाली पातळ फोमची शीट येते, पण तळाला फ्रेम असलेला टँक असेल तर फोम नको, टँक बनवणाऱ्याला विचारूनच ठरवा. भिंत आणि टँकच्या मधे पाइप असतील तर हात जाईल इतकी जागा ठेवा. टँक भिंतीला चिकटलेला छान दिसतो हे खरंय पण गळती लागली की युनियन (पाइपचे फिरवून सुटणारे जोड) सोडवायला तुम्ही तिथे पोचणार कसे?

काच आणि भोकं

काचेची जाडी मनाने ठरवायची नाही, लांबी-उंची बघून बनवणारा ठरवतो, तुम्ही फक्त वर पट्ट्या हव्यात की बिनपट्ट्यांचा हवा ते सांगा, बिनपट्ट्यांचा असेल तर काच अजून जाड लागते. समोरची काच लो-आयर्न (कमी लोहाची) घेतली तर कडांचा हिरवटपणा जातो आणि रंग खरे दिसतात. भोकं मात्र पहिल्या दिवशीच पाडून घ्या. टेम्पर्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लागलं की ती काच संपली.

ओव्हरफ्लो म्हणजे टँकच्या वरच्या कडेवरून पाणी सांडून पाइपातून खाली सम्पमध्ये जाणं. एकच पाइप असला तर तो खळखळतो, आवाज करतो, आणि एखादी गोगलगाय त्यात अडकली की पाणी जमिनीवर. दोन पाइपांची हर्बी किंवा तीन पाइपांची बीनॲनिमल पद्धत घ्या, मी तर मोठ्या टँकला तीन पाइपच म्हणेन. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरलेला, त्यावर गेट व्हॉल्व्ह, जवळजवळ सगळं पाणी यातूनच आणि आवाज न करता. दुसऱ्यातून बारीकशी धार. तिसरा उंचावर आणि कोरडा, पहिले दोन तुंबले तरच तो पाणी घेतो. गेट व्हॉल्व्हच घ्या, बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तरी पाणी एकदम कमी-जास्त होतं आणि पातळी कधी जुळत नाही.

बल्कहेड (काचेच्या भोकातून पाइप नेणारा जोड) बसवताना बरेच लोक रबरी गॅस्केट नटाच्या बाजूला लावतात. ते रुंद फ्लँजच्या (बल्कहेडच्या पसरट कडेच्या) बाजूला येतं, म्हणजे सहसा टँकच्या आतून, पाण्याकडे, आणि नट बाहेरून. काच आणि गॅस्केट दोन्ही कोरडे आणि स्वच्छ, सिलिकॉन लावायचं नाही. नट हाताने घट्ट करायचा आणि मग फक्त पाव वळण अजून. पाना लावून जोर केला की एकतर गॅस्केट बाहेर सरकतं नाहीतर काच तडकते. प्रत्येक पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या आजूबाजूला युनियन टाका, उद्या पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागू नये.

सम्प, आणि वीज गेल्यावर काय होतं

सम्प म्हणजे खालचा दुसरा टँक, मोठ्या टँकच्या पाव ते एक तृतीयांश क्षमतेचा असला तर उत्तम, जागा असेल तेवढा मोठा. त्यात फिल्टर सॉक, प्रोटीन स्किमर, हीटर, जमलं तर रेफ्युजियम म्हणजे शेवाळ वाढवायचा कप्पा, आणि शेवटी पाणी परत वर टँकमध्ये ढकलणारा रिटर्न पंप. स्किमर बारीक बुडबुडे सोडतो, त्यांना विरघळलेली घाण चिकटते आणि वरच्या कपात काळपट, घाणेरड्या वासाचं पाणी जमतं. नवीन स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा फेस काढतो किंवा अजिबात काढत नाही, त्याला हात लावू नका, बसतो आपोआप. रेफ्युजियममध्ये कीटोमॉर्फा शेवाळ ठेवून त्याचा लाइट रात्री चालू ठेवला तर रात्री पीएच पडतो तो थोडा सावरतो. रिटर्न पंप तासाला टँकच्या ३ ते ५ पट पाणी फिरवेल इतका, पण ते पाणी वर चढल्यानंतरचं धरायचं, डब्यावर छापलेलं नाही.

वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि ओव्हरफ्लोच्या कडेच्या वरचं सगळं पाणी खाली सम्पमध्ये येतं. आपल्या मापाच्या टँकमध्ये १ सेंमी पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंमी असेल तर ते उलटं सायफन होऊन पाणी खेचत राहतं, पातळी त्या तोंडाखाली जाईपर्यंत, म्हणजे ६७ लिटर आणि वर पाइपांतलं वेगळं. मावणार आहे का सम्पमध्ये? म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवायचं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा नको, त्यात कवच नाहीतर शेवाळ अडकून तो अर्धवट उघडा राहतो. सायफन तोडायचं बारीक भोक पाइपला पाडतात ते पण बुजतं, महिन्यातून एकदा तरी ब्रश फिरवावा लागतो.

ही परीक्षा मीठ टाकायच्या आधी, साध्या पाण्यावर घ्यायची. टँक भरा, दोन दिवस तसाच ठेवून सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, मग पंप चालू करून पातळी स्थिर झाली की सम्पवर मार्करने रेघ मारा. पंप बंद करा. पाणी चढून जिथे थांबेल तिथे दुसरी रेघ. सम्पच्या काठापर्यंत अजून चार बोटं तरी राहिली पाहिजेत, नाहीतर पहिली रेघ खाली आणा. नंतर पंप चालू असताना पहिल्या पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि बघा, बाकीचे दोन पाइप सगळं पाणी घेतात का. यात काठावरून एक थेंब जरी सांडला तरी पुढे जायचं नाही.

वीज

खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात नांदणारेत, म्हणून सर्किटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) हवाच, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली जाईल असा झोल द्यायचा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकतं. बोर्ड शक्यतो सम्पच्या वर नको, बाजूच्या कप्प्यात घ्या, कारण मिठाची पुटं सगळीकडे चढतात. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. हीटर बिघडतो तो बऱ्याचदा चालू राहून बिघडतो, आणि लहान हीटर एकटा एवढं पाणी उकळवू शकत नाही. वर वेगळा तापमान कंट्रोलर. उन्हाळ्यात उलटा प्रश्न येतो, तेव्हा पृष्ठभागावर फॅन लावला तर कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात, दमट हवेत फारसा फरक पडत नाही मग चिलर लागतो.

आणि एका वेव्ह पंपाला (टँकच्या आत पाणी हलवणाऱ्या पंपाला) बॅटरी बॅकअप द्याच. वीज गेल्यावर तापमान हळूहळू बदलतं, ऑक्सिजन मात्र काही तासांतच संपायला लागतो. तोंड वर करून पृष्ठभाग हलवत राहणारा एक पंप पुरेसा आहे.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी नको. आरओ आणि त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा) ० यायला पाहिजे, घरातल्या पिण्याच्या फिल्टरचं पाणी यात बसत नाही. मीठ मरीन सॉल्ट मिक्सच, लिटरला साधारण ३६ ते ३९ ग्रॅम, म्हणजे पूर्ण सिस्टिमला पहिल्यांदा ३३-३५ किलो. पहिल्या वेळी टँकमध्येच मिसळलं तरी चालतं, आत काही जिवंत नसतं, त्यानंतर मात्र नेहमी वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ च्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवा, शुद्ध पाण्याने शून्य जुळवून वरचा आकडा बरोबर येईलच असं नाही.

एवढ्या टँकमधून दिवसाला ६ ते १० लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई नेहमी गोड्या आरओ पाण्याने आणि ऑटो टॉप-ऑफने (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी यंत्रणा). त्याची टाकी मुद्दाम लहान ठेवा. सेन्सर अडकून ४० लिटर एकदम आत गेले तर ९०० लिटरच्या सिस्टिममध्ये क्षारता ३५ वरून साडेतेहतीसवर येते, हे प्राणी सहन करतात, २०० लिटरची टाकी जोडलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे उडालेलं पाणी जातं कुठे? खोलीच्या भिंतींवर. एक्झॉस्ट फॅन नसेल तर काही महिन्यांत कोपऱ्यात बुरशी दिसायला लागेल.

दगड

जिवंत खडकावर (समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेल्या दगडावर) टँक चालवायची कल्पना जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली, नंतर बर्लिनच्या हौशी मंडळींनी तिला प्रोटीन स्किमरची जोड दिली, आपण आज जे करतो ते बरचसं तिथून आलंय. आता बहुतेक लोक ड्राय रॉक म्हणजे कोरडा दगड घेतात, त्यात नको असलेले पाहुणे येत नाहीत, फक्त टँक स्थिरावायला जास्त वेळ लागतो.

दगड आधी, वाळू नंतर, हा क्रम उलटा करू नका. दगड थेट तळाच्या काचेवर टेकला पाहिजे, कारण वाळूवर ठेवला की बिळं करणारे मासे आणि कोळंबी खालची वाळू उकरतात आणि अख्खा डोलारा एक दिवस पुढच्या काचेवर येतो. तुकडे सुपरग्लू जेल आणि सिमेंट किंवा एपॉक्सीने पक्के करा. सगळ्या बाजूंच्या काचेपासून तळहाताएवढं अंतर, म्हणजे मॅग्नेट क्लीनर फिरेल. शेवाळ खरवडताना मॅग्नेटमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमची रेघ उठते, त्यामुळे वाळूला लागून मॅग्नेट कधीच नाही, तिथे प्लास्टिकचं कार्ड. दगड जेवढा घ्यावासा वाटतो त्याच्यापेक्षा कमी घ्या, कोरल वाढतात, मोकळी जागा ते भरतात.

सायकल, म्हणजे वाट बघणं

पाणी भरलंय, पंप फिरतायत, सगळं चकाचक दिसतंय आणि आत काही नाही. इथे लोकांचा धीर सुटतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर, वाळूत वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतात, बाटलीतले जिवाणू टाकले तर थोडं लवकर. जिवंत मासा टाकून सायकल करायची जुनी पद्धत सोडून द्या, त्या माशाचे हाल होतात. अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) न्या, दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा. २ पीपीएम टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य झाला की सायकल झाली समजा. नायट्राइट खाऱ्या पाण्यात तितकं घातक नसतं, पण ते शिल्लक असताना बऱ्याच किटवर नायट्रेटचा आकडा उगाच फुगलेला येतो, म्हणून त्या काळात नायट्रेट मोजून घाबरू नका.

नंतर कुरूप काळ येतो. आधी वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल), मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर सायनोबॅक्टेरियाची साय. हे प्रत्येकाला होतं. ट्रोकस, टर्बो गोगलगायी टाका, कोपेपॉड्स (बारीक कवचधारी जीव) टाका, हाताने उपटा, फॉस्फेट रिमूव्हरचे डोंगर ओतू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पार शून्यावर नेणाऱ्यांच्या टँकमध्ये डायनोफ्लॅजलेट्स येतात, बुडबुडे धरलेले चिकट तपकिरी धागे, आणि ते घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी त्रासदायक असतं. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, एवढं राहू द्या.

लाइट आणि फ्लो

कोरलच्या पेशींत झूक्सँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि कोरलचं बरचसं जेवण तेच बनवतं, लाइट लागतो तो त्याला. मोजमाप पारमध्ये, म्हणजे त्या शैवालाला वापरता येणारा प्रकाश. सॉफ्ट कोरल आणि एलपीएसला (मोठ्या पॉलिपचे दगडी कोरल, पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक जीव) ५० ते १५०, एसपीएसला (लहान पॉलिपचे दगडी कोरल) २०० ते ३५०. पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, एक दिवसासाठी कुणाचा तरी आणा, टँकच्या वेगवेगळ्या जागांचे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे कोणतं कोरल कुठे चिकटवायचं हे त्यावरून ठरेल. सुरुवात तिशी-चाळिशी टक्क्यांवर, दिवसाला ८-१० तास, आणि वाढवायचं ते आठवड्याआठवड्याने. नवीन लाइट पूर्ण ताकदीने सोडला की कोरल पांढरे पडतात.

फ्लो वेव्ह पंपांचा, मिश्र टँकला तासाला क्षमतेच्या २० ते ४० पट, म्हणजे आपल्याकडे १६ हजार लिटरच्या पुढे. एका दिशेने सतत मारा नको, दोन्ही टोकांना पंप आणि आलटून-पालटून.

पाण्याची केमिस्ट्री

तापमान २५-२६, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता, मोजतात डीकेएचमध्ये) ७ ते ९.५ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, पीएच ७.८ ते ८.४. पीएचच्या मागे लागू नका, बंद घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो, खिडकी उघडली किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर नेली की बऱ्याचदा तो आपोआप चढतो.

रोज बघायची गोष्ट एकच, अल्कलिनिटी. दगडी कोरल सांगाडा बांधताना ती आणि कॅल्शियम दोन्ही खातात, साधारण १ डीकेएचमागे ७ पीपीएम कॅल्शियम. चार दिवस काहीही डोस न देता रोज एकाच वेळी मोजा. काल ८.५ आणि आज ८.१ तर तुमचा टँक दिवसाला ०.४ खातोय, तेवढाच डोस द्यायचा. सुरुवातीला कोरल कमी असताना नियमित पाणी बदललं तरी भागतं, वाढले की दोन बाटल्यांचं टू-पार्ट (एकीत अल्कलिनिटी, दुसरीत कॅल्शियम) आणि डोसिंग पंप. दोन्ही द्रावणं एकाच जागी, एकाच वेळी टाकायची नाहीत, टाकली तर पांढरा गाळ होऊन दोन्ही वाया. आकडा ८ असो की ९, फार फरक पडत नाही, एका दिवसात ७ वरून ९ वर उडी मात्र ॲक्रोपोरा या नाजूक एसपीएस कोरलची टोकं जाळते.

शेवटी, प्राणी

क्वारंटाइन टँक (नवे मासे आधी वेगळे ठेवायचा) आधी मांडा. साधा ८०-१०० लिटरचा, स्पंज फिल्टर, हीटर, पाइपचे तुकडे लपायला, बस. मरीन इच म्हणजे क्रिप्टोकॅरियन हा परजीवी माशावरून सुटून दगडावर आठवडेच्या आठवडे गाठोड्यात पडून राहतो, म्हणून मोठ्या टँकमध्ये एकदा शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक माशांविना ठेवणे हाच उपाय, हौशी लोकांत त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा चालतो. १८० सेंमीच्या टँकमध्ये दगडांतून मासे पकडून बघा एकदा, मग क्वारंटाइनचा कंटाळा येणार नाही. इचवर तांब्याचं औषध चालतं पण ते फक्त त्या वेगळ्या टँकमध्ये. रीफमध्ये तांबं गेलं की कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांवर संकट.

मासे टँकमध्ये वाढवलेले मिळत असतील तर तेच घ्या. ओसेलारिस क्लाउनफिश तर सर्रास मिळतात, बँगाई कार्डिनल पण (निसर्गात हा मासा धोक्यात आहे आणि फक्त इंडोनेशियाच्या बँगाई बेटांच्या आसपासचा), आणि यलो टँग पहिल्यांदा २०१५ मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये वाढवला गेला, आता तोही येतो. शांत मासे आधी, भांडकुदळ टँग शेवटी, दर वेळी एक-दोनच. वरती जाळीचं झाकण, रास जातीचे मासे हमखास उडी मारतात.

समुद्रातून स्वतः कोरल किंवा दगड उचलून आणू नका. दगडी कोरल साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि बऱ्याच देशांत त्यांना अजून कडक कायदा लागतो, आपल्याकडे काय चालतं ते विकत घ्यायच्या आधी बघा, आणि विकणाऱ्याकडे कागद मागा. फ्रॅग घेताना टँकमध्ये वाढवलेलाच. पहिले कोरल झोअँथिड, मश्रूम, लेदर. ग्रीन स्टार पॉलिप वेगळ्या एकट्या दगडावर, मुख्य दगडावर चढलं की सगळं गिळतं. मग डंकन, हॅमर. टॉर्च कोरलला १५ सेंमी तरी मोकळी जागा, रात्री लांब दंश करणाऱ्या शेंड्या सोडतो. ॲक्रोपोरा वर्षभर तरी नको, ॲनिमोनला (कोरलचा नातेवाईक, शेंड्यांचा प्राणी) पण सहा महिने थांबवा आणि तोपर्यंत पंपांना जाळी लावा कारण तो फिरतो आणि पंपात जातो.

फ्रॅग घरी आला की आधी डिपमध्ये (किडे मारायच्या औषधी पाण्यात), डिपच्या बाटलीवर लिहिलंय तेवढी मिनिटं, पिपेटने जोरात पाणी मारत. खाली काय पडतंय ते पांढऱ्या भांड्यात बघा, चपटे किडे दिसतील कधीकधी. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, त्यामुळे फ्रॅग ज्या प्लगवर (चिकटवायच्या चकतीवर) आलाय तो तोडून टाका आणि नवीन प्लगवर चिकटवा, ऐप्टेशियाची (टँकभर पसरणाऱ्या उपद्रवी ॲनिमोनची) बारीक पिल्लं पण बहुतेक वेळा त्या प्लगच्या खालीच असतात.

झोअँथिड आणि पॅलिथोआच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, फार जबरदस्त विष आहे. कापताना हातमोजे आणि चष्मा, आणि ते असलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, कोरडा घासायचा नाही, त्या वाफेने अख्खं घर हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना झाल्यात.

चालू ठेवणं

एकदा बसलं की आठवड्याला एक-दोन तासांचं काम. १० टक्के पाणी आठवड्याने किंवा पंधरवड्याने बदलणं, स्किमरचा कप, सॉक, काच, टेस्ट आणि वहीत आकडे. दर तीन-चार महिन्यांनी पंप काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात घालायचे. मशीनने सगळं होतं असं वाटतं पण रोज पाच मिनिटं समोर उभं राहून बघणं चुकवू नका, मिटून बसलेला पॉलिप किंवा कोपऱ्यात जोरात कल्ले हलवणारा मासा टेस्ट किटच्या आधी सांगतो.

बाहेरगावी जायचं असेल तर शेजाऱ्याच्या हातात खाण्याचा डबा देऊ नका, तो प्रेमाने दुप्पट घालतो. गोळ्यांचे वारांचे डबे मिळतात त्यात दिवसाचं मोजून भरून ठेवा, मीठ आणि डोसिंगच्या बाटल्या कुलपात, रिटर्न पंपाच्या प्लगवर लाल टेप, आणि आरओची टाकी भरायची पद्धत एका कागदावर लिहून स्टँडच्या दाराला आतून चिकटवा.